पहिल्या मिनिटातला बाप

३ फेब्रुवारी

आज ऑफिस नव्हतं, तरी गेलो.

दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, ओट्यावरचा डबा उचलला. दारात "येतो" म्हटलं, आतून वैदेहीचं "ये" आलं. ट्राम, मग मेट्रो. स्लोटरडाइकला उतरल्यावर लक्षात आलं, पुढे जायला जागाच नाही. गळ्यातलं कार्ड शुक्रवारी काढून घेतलंय. प्लॅटफॉर्मवर वारा असा की कान तुटून पडावेत. एका कॉफीवाल्याच्या काचेआड दिवस काढला आणि संध्याकाळी घरी आलो. वैदेहीने विचारलं, कसा गेला दिवस? म्हटलं, नेहमीसारखा.

इथे लिहितोय कारण बोलायला कोणी नाही. मी टेस्टर. इतकी वर्षं लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरलं, आधी पुण्यात, मग इथे. ते काम आता मशीन करतं म्हणे, म्हणून कंपनीने आमची अख्खी टीम बंद केली. माझ्यातली चूक काढायला त्यांना एक मीटिंग पुरली. तेही एक वेळ सोसलं असतं, पण या देशात आम्ही माझ्या नोकरीच्या परवान्यावर राहतो. नोकरी गेली की नवी शोधायला तीन महिने मिळतात, म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत. नाही मिळाली तर वैदेही, इरावती आणि मी, तिघांनी बॅगा भरायच्या. इरा तेरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर डचमध्ये देते. तिला उचलून पुण्याच्या शाळेत कसं बसवायचं?

वैदेहीला काल सांगणारच होतो. ती पोहे परतत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती. नाही सांगवलं. नवी नोकरी मिळाली की दोन्ही बातम्या एकदम सांगेन.

६ फेब्रुवारी

स्लोटरडाइकला जाणं बंद. आज जिन्यावर अंबरीश दिसला. आमच्याच ऑफिसातला, दुसऱ्या टीमचा, म्हणून वाचला. मी खांबाआड गेलो. पन्नाशीला टेकलेला माणूस, हातात डबा, खांबाआड. त्याने पाहिलं नसावं.

उद्यापासून घराजवळच्या 'बोस' नावाच्या रानात जाऊन बसेन. एवढ्या मोठ्या जंगलात या थंडीत कोण ओळखीचं भेटणार?

१२ फेब्रुवारी

बोसातल्या चेरीच्या बागेत एक बाक सापडलाय. झाडं सगळी नुसत्या काटक्या. जपानी लोकांनी लावलेली बाग आहे. आमच्या आम्स्टलव्हेनमध्ये ते आपल्याइतकेच, शाळेबाहेर निम्म्या आया त्यांच्या आणि निम्म्या आपल्या.

आज दुसऱ्या बाकावर एक जपानी म्हातारा होता. सूट, टाय, लांब काळा कोट, चकचकीत बूट. मी लॅपटॉपवर नोकरीचे अर्ज भरत होतो. मग झाकणात गार आमटी ओतून भाताबरोबर कशीबशी गिळली, वर तुपाचा थर गोठलेला. तो सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी उठून आला, किंचित वाकला आणि तुटक इंग्रजीत म्हणाला, "माफ करा. तुम्ही घड्याळ फार बघता. ज्याला काम असतं तो इतकं बघत नाही."

नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, माझा लंच ब्रेक चालू आहे. तो म्हणाला, हो, पण सकाळपासून चालू आहे.

मग त्याने खुलासा केला. तो नट होता. टीव्हीवर त्याने वर्षानुवर्षं ऑफिसला जाणाऱ्या माणसाचं काम केलं, त्यामुळे खरा ऑफिसवाला आणि खोटा त्याला लांबून ओळखता येतो. नाव सुगाया शोइचि. लेक इथे नोकरीला आहे, तिने आणून ठेवलंय.

मी डबा बंद केला आणि निघून आलो.

१३ फेब्रुवारी

घरी त्याचं नाव इंटरनेटवर टाकून पाहिलं. ओसाकाचा एक दंतवैद्य निघाला. नट म्हणे. नोकरी गेलेल्या माणसाला कोणीही काहीही सांगावं.

१९ फेब्रुवारी

वैदेहीचं काहीतरी बिनसलंय. इतकी वर्षं डब्यात पोळी-भाजी, आमटी-भात असायचा. ऑफिसात मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खायचो. या आठवड्यात रोज प्रवासाचं खाणं. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे आणि लोणचं, दडपे पोहे, काल गुळपोळी. जसा काही नागपूरला निघालोय. शिवाय थर्मासमध्ये चहा. म्हटलं, अगं, ऑफिसात मशीन आहे चहाचं. म्हणाली, मशीनचा चहा तुला बाधतो. लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं हे. आजकाल स्वयंपाकाचा कंटाळा करते, दुसरं काय. बोललो नाही. बाकावर तेच बरं पडतं म्हणा.

अर्जांची उत्तरं येतात, सगळी एका साच्यातली. आपला अनुभव प्रभावी आहे, तथापि. 'तथापि'च्या पुढे मी वाचत नाही.

२५ फेब्रुवारी

म्हातारा रोज येतो. आता मी त्यांना सुगायासान म्हणतो. ते 'सान' आपल्या 'राव'सारखं. आज चहा दिला तर त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि आपली कथा सांगितली. खरी का खोटी देव जाणे, पण वेळ गेला.

उत्तरेकडच्या मासेमारीच्या गावातले. वडील जाळी विणायचे. नट व्हायचं म्हणून तोक्योला पळाले आणि एका नाटक मंडळीत सेट उचलायला लागले. पुढे टीव्हीवर किरकोळ कामं. पोलीस, टॅक्सीवाला, हॉटेलातला वेटर, एकदा प्रेत. प्रेताला शिंक आली म्हणून त्या दिग्दर्शकाने पुन्हा बोलावलं नाही. चाळिशी जवळ आली तेव्हा एका घरगुती मालिकेत बापाचं काम मिळालं. मालिका तुफान चालली, वर्षानुवर्षं. प्रत्येक भाग त्यांच्यापासून सुरू व्हायचा. बाप दाराच्या पायरीवर बसून बूट घालतो, उठतो, "जाऊन येतो" म्हणतो. बायको म्हणते, "जाऊन या." दार लागतं. पहिलं मिनिट संपलं.

"आणि मग?" मी विचारलं.

मग काही नाही. गोष्ट घरात घडायची. त्यांचं काम संपलेलं असायचं. दार लागलं की कॅमेरा बायकोवर राहायचा. तिच्या चेहऱ्यावर जे व्हायचं ते बघायला लोक बसायचे. बक्षिसं तिला मिळाली. "सगळा जपान मला ओळखत होता," सुगायासान म्हणाले, "पण पाठमोरा." ते हसले, म्हणून मीही हसलो.

मी सांगितलं की आमच्याकडेही घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, म्हणजे परत न येण्याची भीती तुमच्याकडेही आहे.

४ मार्च

एव्हाना सुगायासानना माझं सगळं सांगून झालंय. ते म्हणतात, माझं घरातून निघणं वाईट आहे. काल मी निघून दाखवलं, बाकापासून त्या तिसऱ्या झाडापर्यंत. त्यांनी मान हलवली. म्हणाले, तुम्ही सुटल्यासारखे जाता. खरा माणूस काहीतरी विसरतो. त्याचं डोकं आधीच ऑफिसात पोचलेलं असतं, म्हणून छत्री घरी राहते.

आज सकाळी मुद्दाम छत्री विसरलो. लिफ्टपासून परत आलो, घाईघाईत म्हटलं, माझी छत्री कुठाय, मीटिंग आहे आज. बरंच जमलं असावं. वैदेहीने छत्री हातात दिली आणि चटकन पाठ फिरवून सिंककडे गेली. नळ सोडला, पण भांडी तर घासलेली होती.

१० मार्च

रॉटरडॅमच्या एका शिपिंग कंपनीने मुलाखतीला बोलावलंय. खालच्या पदासाठी नाही, थेट माझ्या लायकीच्या कामासाठी.

सुगायासान म्हणाले, तालीम करू. मी साहेब बनतो, तुम्ही उमेदवार. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं, बाकावर एक पाय दुसऱ्यावर टाकला, आणि समोरचा म्हातारा गेला. दुसराच माणूस बसला होता. थंड, नम्र आणि भयानक. त्याने मला विचारलं की तरुण मुलगा निम्म्यात मिळत असताना मी तुम्हाला का घेऊ. मी त-त-प-प करायला लागलो. खरंच घाम फुटला, या थंडीत. मग त्यांनी बटण काढलं आणि पुन्हा ते झाले.

म्हटलं, अहो, तुम्ही खलनायकाची कामं का नाही केलीत? म्हणाले, मागितली होती. मालिका संपल्यावर एका दिग्दर्शकाला असंच करून दाखवलं. तो आधी घाबरला आणि मग हसत सुटला. म्हणाला, प्रेक्षक वाट बघतील की हा आता बूट घालून ऑफिसला कधी जातो.

वैदेही डबा दुप्पट भरायला लागलीय. म्हणाली, वाढत्या थंडीत भूक लागते. मार्चमध्ये कसली आलीय वाढती थंडी. असो, सुगायासानना धपाटे फार आवडतात, त्यामुळे फुकट जात नाही.

१३ मार्च

माझ्या मनात शंका होतीच, ती आज मेली.

बागेत दोन जपानी बायका आल्या, एक तरुण आणि एक तिची आई किंवा सासू. म्हातारी चालता चालता थबकली. सुगायासानकडे बघत राहिली, आणि तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग ती कमरेत वाकली आणि काहीतरी म्हणाली. सुगायासान उठले. त्यांनी कोट सारखा केला, मान किंचित कलती केली आणि दोनच शब्द म्हटले. म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तरुण बाई माझ्यासारखीच बघत उभी.

त्या गेल्यावर विचारलं, काय म्हणाली? "जाऊन या म्हणाली. मी म्हटलं, जाऊन येतो." तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला होता. दर रविवारी दोघं मिळून मालिका बघायचे.

 आज डबा उघडायचा राहिला.

२१ मार्च

रॉटरडॅमची पहिली फेरी पार झाली, आज दुसरी होती. चांगली गेली. तिघे होते, तिघेही माझ्या इराहून थोडेच मोठे दिसत होते. एकाने हस्तांदोलन करताना दुसरा हातही वर ठेवला. हे शुभलक्षण असावं. पुढच्या आठवड्याअखेर कळवतो म्हणाले.

घरी मात्र मनात पाल चुकचुकतेय. वैदेही मंगळवारी द हेगला गेली होती, आजही गेली. मैत्रीण पूर्णिमा राहते तिथे, तिच्याकडे काम आहे म्हणाली. कामाला जाताना माणूस पुण्याहून आणलेलं जाकीट इस्त्री करून घालतो का? लिपस्टिक लावतो का? फोन आला की बाल्कनीत जाते आणि दार लोटून घेते. इंग्रजीत बोलते. एकदा हसली, असं माझ्याशी बोलताना बऱ्याच दिवसांत हसलेली नाही.

नऊ वर्षांपूर्वी ती पुण्यातली बँकेची चांगली नोकरी सोडून माझ्यामागे इथे आली. आता शाळेनंतर मुलं सांभाळायच्या केंद्रात अर्धवेळ जाते. तिला इथे काय मिळालं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता पडतोय तर वाटतं, तिला दुसरं काही मिळालं असेल तर मी कोणत्या तोंडाने विचारू? मी रोज तोंडावर खोटं बोलून घराबाहेर पडतो.

३० मार्च

गुढीपाडवा, आणि आजच घड्याळं एक तास पुढे. बाल्कनीत गुढी उभारली. वाऱ्याने तांब्या एकदा खाली आला, खालच्या डच आजोबांनी वर आणून दिला. नमस्कार करताना वैदेहीने बराच वेळ डोळे मिटून ठेवले. इराने विचारलं, काय मागितलंस? डचमध्येच विचारलं. वैदेही म्हणाली, आपल्याला इथेच राहू दे.

तिला काय कल्पना. मी बासुंदी कशीबशी संपवली.

२ एप्रिल

रॉटरडॅमचं उत्तर आलं. तथापि.

चेरी फुलली आहे. सगळी बाग पांढरी-गुलाबी, लोक चटया टाकून बसलेत, माझ्या बाकावर एक कुटुंब फोटो काढतंय. मला तिथून हाकललं गेल्यासारखं वाटलं. एप्रिलअखेर तोंडावर येऊन ठेपलीय.   सुगायासाननी फक्त त्यांच्या लेकीने दिलेला शेंगदाण्याचा पुडा माझ्यापुढे धरला.

४ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहून ठेवलं पाहिजे.

सकाळपासून चिडचिड होत होती. डबा उघडला तर पुन्हा पुऱ्या. मी सुगायासानपुढे मनातलं सगळं ओकलो. बायकोचं लक्ष उडालंय, कुठे जाते सांगत नाही, नीट स्वयंपाकसुद्धा करत नाही, फेब्रुवारीपासून गरम खायचं असं काही डब्यात देत नाही.

त्यांनी हातातली पुरी खाली ठेवली.  मग म्हणाले, मी तुम्हाला माझी सगळी गोष्ट सांगितलेली नाही.

मालिकेतल्या बापाला शेवटी मारलं. नेहमीसारखा बूट घालून गेला आणि घरात फोन वाजला. त्यानंतर सुगायासानना कोणी काम देईना. बायकोला, हारुएला, हे सांगायची लाज वाटली. त्यांनी घरी सांगितलं की एका ऐतिहासिक मालिकेचं चित्रीकरण चालू आहे, दाखवायला अजून वेळ आहे. आणि रोज सकाळी मालिकेतल्याच सूटमध्ये घराबाहेर पडायला लागले. नदीकाठी एक बाग होती, तिथे बसायचे.

"आमच्या धंद्यात," ते म्हणाले, "चित्रीकरण असलं की दुपारचं जेवण कंपनी देते. लहान नट असो, मोठा असो, डबा मिळतोच. त्यामुळे लग्न झाल्यापासून हारुएने मला कधी डबा दिला नव्हता. त्या बागेत बसायला लागल्यावर आठवड्याभरात तिने भाताचे गोळे फडक्यात बांधून हातात ठेवले. म्हणाली, तिकडच्या जेवणात मीठ फार, तुमचं ब्लडप्रेशर वाढेल. मी चिडलो होतो. ओझं कशाला, म्हटलं."

पुढे एका पोटाच्या औषधाची जाहिरात मिळाली. घरी सांगितलं, ती ऐतिहासिक मालिका रद्द झाली. हारुए म्हणाली, असू दे. तेवढ्यावर विषय मिटला. ती वारल्यावर तिच्या बहिणीने सांगितलं की पहिल्याच आठवड्यात हारुए छत्री द्यायला स्टुडिओत गेली होती.

"तीस वर्षं मी समजत होतो की ती माझी सगळ्यात चांगली भूमिका. कोणी बघितली नाही, पण मला माहीत होतं. ती माझी नव्हती. तिची होती."

मी डब्याकडे बघितलं. पुऱ्या, लोणचं, शेजारी थर्मास. दोघांना पुरेल एवढं.  मी विचारलं, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?

"पहिल्या थर्मासपासून," ते म्हणाले. "पण नट दुसऱ्याच्या वाट्याचं वाक्य म्हणत नाही."

मी तसाच उठलो. सायकल दामटत घरी आलो. वैदेही नव्हती. कामाच्या वारी भर दुपारी मी माझ्या घरात कधी बसलो नव्हतो. घर शांत होतं, ओट्यावर कणकेचा गोळा झाकून ठेवलेला, फ्रिजवर इराच्या शाळेचं वेळापत्रक. मी खुर्चीवर बसून राहिलो. ती आली तेव्हा अंगात तेच जाकीट होतं. मला बघून ती दारातच थांबली.

"माझी नोकरी गेलीय," मी म्हणालो.

ती आत आली आणि बूट न काढताच समोर बसली. "माहीत आहे," म्हणाली. "अंबरीशच्या बायकोचा त्याच आठवड्यात फोन आला होता. फार वाईट वाटलं म्हणाली. मी म्हटलं, हो ना."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती टेबलावरून हात फिरवत राहिली. आधी राग आला होता म्हणाली, इतका की ठरवलं, बघू या किती दिवस जातोय. मग एकदा सायकलवरून माझ्या मागे आली. "तू बाकावर बसून झाकणात गार आमटी ओतून पीत होतास. त्यानंतर मला रागावता येईना. आणि सकाळी निघताना तुझी पाठ ताठ असायची रे. मी बोलले असते तर ती मोडली असती."

ती रडली नाही. मी रडलो, हे इथे लिहायला हरकत नाही.

मग तिने द हेगचं सांगितलं. पूर्णिमाच्या ओळखीने एका कंपनीत अर्ज, तीन मुलाखती, बँकेचं जुनं काम तिथे उपयोगी पडलं. आज होकार देऊन आली होती. ते परवानाही करून देणार आहेत, तिच्या नावाचा. "तू आणि इरा आता माझ्यावर," ती म्हणाली. "तू डिपेंडंट."

७ एप्रिल

आनंद व्हायला हवा. आम्ही राहतोय, इराची शाळा सुटत नाही. पण गेले तीन दिवस तो शब्द तोंडात खड्यासारखा येतोय. डिपेंडंट. वैदेहीच्या ओळखपत्रावर नऊ वर्षं त्याच अर्थाची ओळ होती आणि मी ती एकदाही वाचली नव्हती. मला लाज वाटते. दोन महिने तिने मला रंगभूमीवर नाचू दिलं म्हणून राग येतो. आणि सुटलो म्हणून हायसं वाटतं, त्याची वेगळी लाज वाटते.

काल रागाच्या भरात तिला म्हटलंच की एवढं सगळं माझ्यापासून लपवलंस. तिने नुसतं बघितलं. मी आपणहून ताटं घ्यायला उठलो.

१३ एप्रिल

वैदेही म्हणाली, तुझ्या त्या मित्राला जेवायला बोलाव. नंतरही एकदा तुझ्या मागे आले होते, तो धपाटे दोन्ही हातांनी घेऊन खातो ते मी पाहिलंय.

सुगायासान सूटमध्ये आले. दारात बसून त्यांनी बूट काढले आणि टोकं दाराकडे करून ठेवले, ते बघायला इरा मुद्दाम उभी राहिली. वैदेही पुढे झाली तर ते तिच्यासमोर वाकले. साधं वाकणं नव्हतं ते, फार वेळ वाकून राहिले, ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटतं, ते फक्त तिच्यासाठी नव्हतं.

जेवताना मी म्हटलं, आता मी घरी. करायचं काय घरात दिवसभर? वाटलं, दिलासा देतील. ते म्हणाले, "मला कल्पना नाही. मी नेहमी पहिल्या मिनिटात बाहेर पडलो. तुम्हाला पुढचं बघायला मिळतंय." मग इराकडे वळून त्यांनी तो थंड साहेब करून दाखवला. ती किंचाळून आईच्या मागे लपली आणि म्हणाली, "बाबा, हा माणूस खतरनाक आहे." मराठीत म्हणाली. कोणाच्या लक्षात आलं नाही, फक्त माझ्या.

६ मे

वैदेहीचा पहिला दिवस.

मी आधी उठून डबा केला. माझ्या पोळ्यांचे नकाशे झाले, म्हणून बेत बदलून धपाटे थापले. ते बरे जमले. थर्मासमध्ये चहा भरला. ती जाकीट घालून आली, आरशात बघितलं, चाव्या शोधल्या, त्या तिच्याच हातात होत्या. मग बूट घातले. 

दारात ती म्हणाली, "येते."

वर्षानुवर्षं हे मी म्हणत आलो, आणि उत्तर ऐकायला कधी थांबलोही नाही. आज उत्तर मला द्यायचं होतं. मी "ये" म्हटलं. ती गेली. दार लागलं. मी तिथेच उभा राहिलो. वाटलं, आत्ता कोणी माझ्या तोंडाकडे बघितलं तर काय दिसेल? इतकी वर्षं या दाराच्या आतल्या बाजूला तिच्या तोंडावर काय काय होऊन गेलं असेल?

मग एकदम आठवलं. दार उघडून अनवाणी लिफ्टपर्यंत धावलो. ती आत शिरत होती.

"अगं, तिथे मायक्रोवेव्ह आहे का?"

"माहीत नाही अजून," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. "गार खाता येईल असंच दिलंय."